काकूंचा कान

आम्ही करंजाड्यात राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या, आमच्या एका न उघडलेल्या खोक्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"हं, बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. नाव-गाव नंतर. नुसतं बोल. जरा मोठ्यानं."

मी गडबडले. टेम्पोवाल्यानं कपाटाचा आरसा कसा फोडला तेच सांगायला लागले. काकू मान कलती करून ऐकत राहिल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "शिक्षिका आहेस. घसा वरचेवर बसतो. आणि रागावलीस की आवाज चढत नाही तुझा, बारीक होतो. चालेल. राहा इथे."

मी कामोठ्यातल्या शाळेत शिकवते हे त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं, म्हणून मी भारावून गेले होते. आता वाटतं, वॉचमननं सांगितलं असणार. कारण काकूंना तेव्हाही निम्मंच ऐकू येत होतं.

काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. परगावी फोन लावायचा तर एक्स्चेंजमध्ये ऑर्डिनरी किंवा अर्जंट कॉल नोंदवून तासन्‌तास वाट बघायची आणि तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं बोलायचं, त्या काळातल्या. पनवेलच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडफोन लावून त्या बोर्डासमोर बसत, आणि या भोकातली दोरी त्या भोकात घालून पनवेलचा माणूस पुण्याच्या किंवा सुरतेच्या माणसाला जोडून देत. पुढे ती यंत्रं गेली, काकू टेबलावरच्या कामाला लागल्या, निवृत्तही झाल्या, पण बोर्डासमोरून काही उठल्या नाहीत. कुणी दारात येऊन घुटमळलं की विचारायच्या, "ऑर्डिनरी की अर्जंट?" वाटीभर साखर मागायला आलेली बाई ऑर्डिनरी. तिला आधी बसवून घ्यायचं. गॅसचा सिलिंडर संपलेली अर्जंट. सोसायटीच्या सभेत एखादा सभासद पार्किंगवरून लांबण लावायला लागला की मागून काकूंचा खणखणीत आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली हो! पुढे वाढवायचंय का?" सभा हसायची आणि तो माणूस खाली बसायचा.

माणसाच्या चेहऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "चेहरा काय, पावडर लावून येतो. आवाजाला पावडर लावता येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. सुनेबद्दल, पुढाऱ्याबद्दल, डॉक्टरांबद्दल, सगळ्यांबद्दल त्यांचं मत आवाजावरून ठरायचं आणि एकदा ठरलं की बदलायचं नाही.

त्यांचं लग्नही आवाजावरूनच झालं होतं. काका तेव्हा पनवेलच्या एका भातगिरणीत कारकून होते आणि गिरणीचे बाहेरगावचे कॉल नोंदवायचे. बाकीचे लोक कॉल लागला नाही की ऑपरेटरवर खेकसत. हा एक आवाज तेवढा म्हणे, "काही हरकत नाही. तुमचा वेळ घेतला." एक दिवस काकू बाजारात शाईची दौत घ्यायला थांबल्या होत्या. मागून कुणीतरी दुकानदाराला म्हणालं, "काही हरकत नाही, उद्या येतो." काकू गर्रकन वळल्या.

"आणि बघते तर काय," त्या सांगायच्या, "हा एवढासा माणूस. एक खांदा खाली, शर्टाचं बटण तुटलेलं. आधी चेहरा बघितला असता ना, तर तुमचे काका अजून बिनलग्नाचे असते."

काका शेजारी बसून हसायचे. किंचितच हसायचे. बोलायचेही तसेच. त्यांचं वाक्य शेवटाकडे जाता जाता विरून जायचं आणि आपल्याला पुढे वाकून ते उचलून घ्यावं लागायचं.

आणि काकूंना नेमकं तेच जमेनासं झालं होतं. "आवाज येतो, शब्द येत नाहीत," असं त्या पुढे कधीतरी म्हणाल्या. पण तेव्हा कबूल करायच्या नाहीत. काका म्हणायचे, "फोन आलाय." काकू दाराकडे बघून विचारायच्या, "कोण आलंय?" चहा ठेवू का म्हटलं की म्हणायच्या, "छे, दहा कुठले? आत्ता तर नऊ वाजले." आम्ही हसलो की त्याही हसायच्या, कशाला ते न कळता. मग त्यांनी एक युक्ती काढली. स्वतःच बोलत राहायचं. समोरच्याला बोलायला जागाच ठेवायची नाही, म्हणजे ऐकायचा प्रश्नच उरत नाही. नवीन माणसाला वाटायचं, बाई काय बडबडी आहे.

काका त्यांचे कान झाले होते. बेल वाजली की ते जवळ येऊन त्यांच्या खांद्याला बोट लावायचे. बाजूच्या गावातून मासळी विकायला येणारी मावशी खालून हाक मारायची. तिच्या हाकेला उत्तर गेलं नाही की ती वर येऊन माझ्याकडे तक्रार करायची, "आमी इतकी बोंबलतो, तरी काकू बघत नाय. रागावल्या हायेत का?" काका मग ताट घेऊन स्वतः खाली जायचे. काकूंना ऐकू येत नाही, हे त्यांनी कधीही कुणाला सांगितलं नाही.

कानाच्या मशीनचा विषय काकूंच्या बडोद्याला असलेल्या मुलीनं काढला. व्हिडिओ कॉलवर आई भलतीच उत्तरं देते, हे तिला कळून चुकलं होतं. काकू भडकल्या. "अख्ख्या जिल्ह्याला ज्या कानानं लाइन दिली, त्यात मी बुच घालू?" पण मुलीनं खारघरच्या एका क्लिनिकमध्ये वेळ ठरवूनच टाकली आणि मला मेसेज केला, जमलं तर सोबत जा. रिक्षात काका मध्ये बसले. काकू वाटभर बाहेर बघत होत्या.

तपासणारी मुलगी तरुण होती, बोलायला गोड आणि स्वच्छ. तिनं काकूंना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. बीप ऐकू आली की बटण दाबायचं. अगदी बारीक आली तरी.

हेडफोन डोक्यावर बसले आणि काकूंची पाठ ताठ झाली. हात आपोआप टेबलावर गेले. काचेतून बघताना मला त्या तिथे विशीतल्या दिसल्या असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण काकांना नक्की दिसल्या असाव्यात. ते खुर्चीतून उठून काचेजवळ जाऊन उभे राहिले.

काकू बटण दाबायला लागल्या. ठसक्यात, न चुकता. मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर हळूहळू आठी आली. थोड्या वेळानं तिनं थांबवलं आणि आत जाऊन काकूंच्या समोर वाकून बसली.

"काकू, मी आवाज सोडलाच नव्हता, तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत."

मला वाटलं आता ही मुलगी खाणार बोलणी. पण काकू एवढंच म्हणाल्या, "असं होय? मग परत घे." आवाज अगदी लहान झाला होता.

पुन्हा घेतलं तेव्हा बटणाचा हात बराच वेळ नुसता पडून होता.

कागदावर रेघ निघाली ती एका बाजूला सरळ घसरत गेलेली. मुलीनं समजावून सांगितलं, स, श, फ, ख असले बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. मशीन ते पोचवेल. पण इतकी वर्षं मेंदूला त्यांची सवय राहिलेली नाही, तर सुरुवातीला सगळं कर्कश, परकं वाटेल. धीर धरायचा. रोज घालायचं. "थोडं आधी आला असतात तर सोपं गेलं असतं," असंही ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही. काका खाली बघत होते.

कानात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. काही दिवसांनी मशीन तयार झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. मुलीनं दोन्ही कानांत ती बसवली, संगणकावर काहीतरी केलं, आणि काकू दचकल्या.

"हे काय खरखरतंय?"

"तुमची साडी, काकू."

काकूंनी पदर चिमटीत धरून कानाजवळ नेला. मग बांगड्या हलवून बघितल्या. पिशवीतला कागद चुरगळला. चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. मी त्यांना इतकं लहान मुलासारखं कधी बघितलं नव्हतं.

"काका, आता तुम्ही बोला काहीतरी," मुलगी म्हणाली.

काका लाजले. घसा साफ केला. म्हणाले, "ऐकू येतंय का गं?"

काकूंनी मान फिरवून दाराकडे बघितलं. "कोण बोललं?"

"मी," काका म्हणाले. "मीच."

काकूंचं हसू गेलं. त्या त्यांच्या ओठांकडे बघायला लागल्या. "परत बोला." काका परत बोलले. काकू मुलीकडे वळल्या. "हा यांचा आवाज नाही. बिघडलंय हे."

मुलीनं संगणकावर कमी-जास्त करून बघितलं. आता? पत्र्याच्या डब्यात बसून बोलतायत. आता? रेडिओवरच्या बातम्या. आता? आता कुणीतरी यांची नक्कल करतंय. काका बिचारे प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणत होते, "ऐकू येतंय का गं?" शेवटी शेवटी ते प्रश्नासारखं वाटेनासं झालं.

परतीच्या रिक्षात काकूंनी मशीन काढून डबीत ठेवली.

क्लिनिकमधल्या मुलीनं सराव सांगितला होता. घरातल्या माणसानं रोज सकाळी समोर बसून पेपर वाचून दाखवायचा. काकांनी तो मनावर घेतला. भिंतीपलीकडून मला त्यांचं वाचन ऐकू यायचं. पाणीकपात, विमानतळ, सिडकोची सोडत, सगळं ते एकाच हळुवार सुरात वाचायचे. आठवडाभर चाललं असेल. मग एका सकाळी काकूंचा आवाज आला, स्पष्ट, भिंतच नसल्यासारखा.

"पुरे. परक्या पुरुषासोबत नाश्ता करतेय असं वाटतं मला."

पेपर घडी केल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी काका मला लिफ्टमध्ये भेटले. मी विचारलं, काकू मशीन घालतात ना? ते म्हणाले, "नाही घालत. जाऊ दे." दार उघडल्यावर म्हणाले, "तिला आवडला होता तो आवाज तिच्याकडेच आहे, अजून जपून ठेवलाय तिनं. माझ्याकडे आहे तो तिला चालत नाही." आणि हसले, किंचित. त्यानंतर काका आधीपेक्षाही कमी बोलायला लागले. खुणांवर भागायचं. घर शांत झालं आणि काकूंची बडबड तेवढी वाढली.

ते पडले तो दिवस शाळेच्या सुट्टीतला. दुपारी मी बाल्कनीत होते. शेजारच्या बाल्कनीतून काकांचा आवाज येत होता, "अगं… अगं, येतेस का जरा?" नेहमीसारखाच, खालचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. कपडे वाळत घातले, आत गेले, परत आले. आवाज चालूच होता. त्यात काहीतरी वेगळं होतं. वाकून बघितलं तर दोरीवरचा ओला टॉवेल तोंडावर पडलेला आणि काका फरशीवर आडवे.

मी धावत जाऊन बेल वाजवली, दार बडवलं. मग आठवलं, त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते. आत गेले तर काकू स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून कोलंबी सोलत होत्या आणि गुणगुणत होत्या. माझी सावली दिसली तेव्हा वळल्या.

"ये गं! बरी आलीस, थोडी कोलंबी घेऊन जा."

मी बाल्कनीकडे हात केला.

काकांना उचलायला वॉचमन आणि समोरचे दोघे आले. काकूंचे हात कोलंबीनं माखलेले, ते तसेच पुढे धरून त्या उभ्या होत्या, शिवायचीही चोरी झाल्यासारख्या. "कधी पडले? हाक का नाही मारली?" असं त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या. काकांनी मला जवळ बोलावून पुटपुटत सांगितलं, "तिला सांगू नकोस, मी किती वेळ…"

मी सांगितलं नाही. पण काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चेहऱ्यावर विश्वास ठेवला असावा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून काकू मला म्हणाल्या, "देवघराच्या खणातली डबी आणून दे." त्यांनी मशीन स्वतःच बसवली, डावी उजव्या कानात आणि उजवी डाव्या. मी नीट करून दिली.

त्यानंतर रोज झोपेपर्यंत ती काढायच्या नाहीत. कान दुखायचे, डोकं ठणकायचं, कुकरची शिट्टी झाली की त्या कळवळायच्या. काका घरी आल्यावर त्यांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि सांगायच्या, बोला. काय बोलू? काहीही बोला. डोळे मिटून घ्यायच्या. चुकलं तर स्वतःवर चिडायच्या. खारघरच्या मुलीकडे पुन्हा जाऊन सेटिंग करून घेतलं, मग पुन्हा जाऊन आणखी थोडं. मासळीवाली एकदा मला जिन्यात म्हणाली, "आज एका हाकेला आल्या काकू! आमी तर घाबरलोच." एरवी काकूंनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं. तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि काका बोलायला लागले. मला वाटायचं, त्यांना मुळात बोलायलाच आवडत नाही. तसं नव्हतं. संध्याकाळी मी डबा द्यायला जायचे तेव्हा ते गिरणीतल्या गमती सांगत असायचे, लहानपणीची अलिबागकडची वाडी, विहिरीत पडलेलं वासरू. काकू मध्ये एक शब्द बोलायच्या नाहीत.

अशाच एका संध्याकाळी आक्कांचा विषय निघाला. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, वाडीवर एकटी राहायची, काही वर्षांपूर्वी वारली. काका सहज बोलून गेले, "निवृत्त झाल्यावर तिच्याजवळ जाऊन राहावं असं फार होतं मनात. तुला विचारलं होतं मी."

"मला? कधी?"

"इथेच. तू तांदूळ निवडत होतीस. म्हटलं, आक्का थकलीय, वर्षभर तरी जाऊन राहू या का? तू म्हणालीस, बघू, बघू."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मला ऐकूच आलं नसेल हो."

"तेव्हा मला वाटलं, तुझ्या मनात नाही."

"परत का नाही विचारलंत?"

काकांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "काही हरकत नाही," म्हणाले.

काकू उठून आत गेल्या. मी डबा ठेवून निघाले तेव्हा त्या ओट्याला हात टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "काय ऐकलं असेन गं मी तेव्हा? काहीतरी ऐकल्याशिवाय बघू म्हणणार नाही मी. काय ऐकलं असेन?" आणि मग, "असं आणखी कशाकशाला बघू म्हटलं असेल?"

त्यानंतर त्यांनी काकांना खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. आणखी काय विचारलं होतंत? काका म्हणायचे, आठवत नाही. आठवत असणार.

काकांना थंडीत न्यूमोनिया झाला. आठवडाभरही गेला नाही. शेवटच्या दिवशी ते काय बोलले ते काकूंना ऐकू आलं, एवढं मला माहीत आहे. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाराव्याच्या दिवशी माझ्याजवळ एवढंच म्हणाल्या, "जुना आवाज नाहीच आला परत. पण हा नवाही आवडायला लागला होता. नुकताच."

मुलगी म्हणाली बडोद्याला चल. काकू गेल्या नाहीत. सोसायटीच्या सभेला यायच्या, मागे बसायच्या, सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. पार्किंगवाले सभासद आता हवं तेवढं बोलायचे.

वर्ष उलटल्यावर मी त्यांना पुन्हा खारघरला घेऊन गेले. त्यांना परत चुकल्यासारखं ऐकू यायला लागलं होतं. तपासणी झाली. या वेळी बटण अगदी प्रामाणिकपणे दाबलं. तपासणारी मुलगी म्हणाली, कान आणखी थोडा उतरलाय, सेटिंग वाढवावं लागेल, दोन मिनिटांचं काम.

काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "नको. हे असंच राहू दे."

मुलीला काही कळेना. मी हळूच सांगितलं, काका गेले. तिनं खुर्ची काकूंजवळ ओढली. मग म्हणाली, "काकू, जुनं सेटिंग मी पुसत नाही. मशीनमध्येच दुसऱ्या नंबरवर ठेवते. बटण दाबलं की परत तेच."

कामाचं विचारावं तसं काकूंनी विचारलं, "माझा कान उतरलाय म्हणतेस. मग समज, ते आता इथे बसून बोलले असते, तर त्या जुन्या सेटिंगवर मला तसेच ऐकू आले असते?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "नाही, काकू. अर्धवट आले असते."

"मग ठेवून काय करू?" काकूंनी हात खाली घेतले. "बदल."

मुलीनं बदललं. काकूंना माझं बोलणं, बाहेरचा लिफ्टचा आवाज, सगळं लख्ख यायला लागलं. मुलीला त्यांनी आशीर्वाद दिला, पिशवी उचलली, न अडखळता जिना उतरल्या. रिक्षात बसेपर्यंत नीट होत्या.

रिक्षा सुरू झाली आणि त्या म्हणाल्या, "छान येतंय गं सगळं. एवढं स्वच्छ तर आधी कधीच आलं नव्हतं."

पुढे सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "यात कसे वाटले असते गं ते?"